पट्ट्यापट्ट्याच्या ज्वारीने मोडलेली सोयरीक

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
एप्रिल २००२

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आमच्या सासुरवाडीचे भूषण आणि आमच्या घरावरचे ताजे संकट, राजमान्य राजेश्री सोमेश्वरराव यांच्या सेवेशी,

कुरुंद्याहून उकंडरावचा नमस्कार पोहोचावा. इकडे सर्वांच्या तब्येती ठीक आहेत, म्हणजे जेवढ्या तुम्ही ठीक ठेवल्यात तेवढ्या. तुमच्या बहिणीचं कपाळ गेल्या आठवड्यापासून ठणकतं आहे आणि ती सुंठेचा लेप लावून बसली आहे. माझं पित्त उसळलं आहे. म्हशीची तब्येत मात्र उत्तम आहे, कारण तिला वनस्पतिशास्त्र कोणी शिकवलेलं नाही. तुमची, तुमच्या सौभाग्यवतींची आणि लेकरांची खुशाली कळवावी. औरंगाबादच्या हवेत तुम्हाला रात्रीची झोप शांत लागत असेल तर तेही कळवावं, म्हणजे मला चिडायला आणखी एक कारण मिळेल.

पहिली तक्रार आधी उरकतो. तुम्ही पाकिटावर अजूनही ‘जि. परभणी’ लिहिता. आमचा तालुका हिंगोलीत जाऊन किती दिवस झाले! गाव जागचं हललं नाही, घर हललं नाही, पण एके सकाळी उठलो तर जिल्हा दुसरा. त्यामुळे तुम्ही हुरड्याच्या वेळी ज्वारीच्या आतले तुकडे या जागेवरून त्या जागेवर जातात असं सांगितलंत तेव्हा बाकीची मंडळी तोंडाला रुमाल लावून हसली, मी हसलो नाही. मला वाटलं, सरकारला जमतं ते ज्वारीला का जमू नये. मी त्याच वेळी हसलो असतो तर आज ही वेळ आली नसती.

ती वेळ कशी आली ते तुम्हाला ठाऊक नाही आणि जे ठाऊक आहे तेही मी परत सांगणार आहे, कारण राग आला की मला पहिल्यापासून सांगावं लागतं (ही सवय तुमच्या बहिणीला आवडत नाही, पण ऐकून घेते). तर दोन सालांमागे पौषात तुम्ही हुरड्याला आलात. वावरात आगटी पेटलेली, चटणी तयार, दही तयार. हुरड्याला आलेला माणूस हुरडा खातो. तुम्ही मात्र धुऱ्याकडे लघवीला म्हणून गेलात आणि तिकडूनच ओरडलात. मी काठी घेऊन धावलो, मला वाटलं पान लागलं, साप चावला. बघतो तर तुम्ही लवकर पिकलेल्या एका कणसाला आपला स्वच्छ रुमाल बांधत होता. पांढरे दाणे आणि त्यांच्यावर लाल पट्टे. मी म्हणालो, हे असलं कणीस आमच्या ज्वारीत अधूनमधून निघतं, रोगट असतं, आम्ही बैलाला घालतो. त्यावर तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि म्हणालात, “दाजी, जगातली माणसं हे बघायला मरतात आणि तुम्ही बैलाला घालता?” माझा बैल इतकं मानाचं खातो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग तुम्ही आगटीपाशी बसून सगळ्यांना समजावलंत. प्रत्येक दाण्याच्या कणाकणात त्या झाडाची कुंडली असते, आणि त्या कुंडलीत काही तुकडे असे की त्यांचं बूड एका जागी टिकत नाही. इथून उठतात, तिथे जाऊन बसतात. लाल रंग करण्याचं काम जिथे चालतं तिथे असा तुकडा जाऊन बसला की रंगाचं काम बंद, दाणा पांढरा. दाणा भरता भरता एखाद्या ठिकाणाहून तो उठून गेला की तिथलं काम पुन्हा सुरू, आणि तेवढ्या भागावर लाल पट्टा. याला तुम्ही ‘उडती जनुकं’ की असंच काहीसं नाव सांगितलंत. मी आपला सहज म्हणालो, “म्हणजे आपला भुजंगच की.” भुजंग माझा चुलतभाऊ, तुमच्या शेजारीच बसून तुमच्या वाट्याचा हुरडा खात होता. त्याला स्वतःचं काम नाही. सकाळी एकाच्या ओट्यावर जाऊन बसतो, दुपारी दुसऱ्याच्या. तो बसला की त्या घरचं काम थांबतं. बाईची भाकर तव्यावर करपते, गड्याचं खुरपं हातात राहतं. तो उठून पुढच्या घरी गेला की इथलं काम सुरू होतं आणि तिथलं थांबतं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. त्या थापेत मी भुललो.

आणि मग तुम्ही आणखी सांगितलंत की धान्याच्या कुंडलीत निम्म्याहून जास्त भरणा याच मंडळींचा असतो, मक्यात तर त्याहून जास्त. निम्म्याहून जास्त भुजंग! गावात एक आहे तर आम्ही हैराण आहोत. मी विचारलं, मग ज्वारी पिकते कशी? तुम्ही म्हणालात, त्यातले बहुतेक झोपलेले असतात, दुष्काळ पडला, झाडाला धक्का बसला की जागे होतात. आणि हेही म्हणालात की त्यांच्या उड्यांनी बहुतेक वेळा नुकसानच होतं, पण लाखो वर्षांत कधीतरी एखादी उडी अशी लागते की झाडाला जे आधी येत नव्हतं ते यायला लागतं. साध्या गवतापासून आजचं धान्य होण्यात त्यांचाही हात आहे. ऐकायला फार छान वाटलं. पण सोमेश्वरराव, लाखो वर्षं तुमच्या कॉलेजात असतील. आम्हाला हस्त नक्षत्र संपायच्या आत पेरणी उरकावी लागते.

तरी मी तुमचं ऐकलं. ते बी वेगळं पेरलं. कणसं पोटऱ्यातून बाहेर पडताच प्रत्येकावर कागदी पिशवी बांधा, एकाचा पराग दुसऱ्यावर जाऊ देऊ नका, असं तुमचं फर्मान आलं. तुमच्या बहिणीने खळ शिजवून वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवल्या आणि मी, चारचौघांत मान असलेला माणूस, भर दुपारी ज्वारीला टोप्या घालत फिरलो. रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायचे. कोणी म्हणालं उकंडराव नवस फेडतोय, कोणी म्हणालं ज्वारी परदेशात जायची आहे. पाखरांनी त्या पिशव्यांचा असा धसका घेतला की सगळा थवा शेजारच्या भावसिंगच्या वावरात उतरला आणि त्याचं पीक फस्त झालं. भावसिंग तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बांधावर समोरासमोर आलो तर तो आपल्या बैलाशी बोलतो.

दुसरं साल असंच गेलं. यंदा काढणी झाल्यावर तुमचं तिसरं फर्मान: प्रत्येक कणीस हाताने मळा, पांढरे, लाल, पट्ट्याचे दाणे निरनिराळे काढा. हे काम कोणी करायचं? घरात हळद निघालेली. कढया उकळून राहिलेल्या, अंगणात, माळवदावर, गोठ्याच्या पत्र्यावर, जिथे जागा तिथे हळद वाळत घातलेली, सगळं घर पिवळं. तेव्हा ते काम आमच्या शिवकन्येने घेतलं. तुमची ही एकुलती भाची, बारावीची परीक्षा देऊन वसमतहून घरी आली होती. दिवसभर आईबरोबर हळद निवडायची आणि संध्याकाळी ताटं मांडून तुमची ज्वारी. एकदा मला हाक मारून म्हणाली, “आबा, हे पाहा. पट्टा रुंद हाय म्हंजे त्यो तुकडा लवकर उठून गेला. पट्टा बारीक हाय म्हंजे पार शेवटी उठला.” मी म्हणालो, आणि हा सगळाच पांढरा? “ह्याच्यातून अजून उठलाच न्हाई. पर पुढच्या साली उठंल की.” असं म्हणून तिने तो दाणा दिव्याजवळ धरून पाहिला. मला जरा वेळ तिथेच बसावंसं वाटलं, पण कढई उतू जात होती.

आता मूळ दुखण्याकडे येतो. कनेरगाव नाक्याच्या प्रभूरावांचं स्थळ शिवकन्येला सांगून आलं होतं. पाण्याखालचं रान, रस्त्याला लागून ढाबा, मुलगा शिवहार शिकलेला आणि पान-तंबाखूला न शिवणारा. मुलाची आई नाही. प्रभूरावांची थोरली बहीण पंचफुलाबाई, तिचा शब्द त्या घरात शेवटचा. पाव्हणे रविवारी मुलगी बघायला येणार असं ठरलेलं. शनिवारी मी हळद आवरून अंगण सारवून घेणार होतो, बैठकीत नवी चादर अंथरणार होतो. पण ही मंडळी शुक्रवारीच आली! कोणाची तरी जीप वसमतला येत होती म्हणे, मग म्हणाले तसेच जाऊ. जीप दारात उभी राहिली तेव्हा मी फाटक्या बनियनवर, तुमची बहीण चुलीपुढे, आणि ओट्यावर ऊन खात पसरलेलं एक भलंमोठं सूप. त्या सुपात काय होतं? तुमची पट्ट्याची ज्वारी.

शहरात राहून तुम्हाला विसर पडला असेल, म्हणून सांगतो. आपल्याकडे लग्नाच्या अक्षता तांदळाच्या नसतात, ज्वारीच्या असतात. पांढरी ज्वारी घ्यायची, तिच्यावर लाल रंगाच्या पाण्याचा हात फिरवायचा आणि सुपात वाळत घालायची. हे काम नेहमी घाईत होतं, त्यामुळे काही दाणे लाल होतात, काही पांढरे राहतात आणि काहींवर पट्टे उठतात. आता समजलं का काय झालं ते? लाखो वर्षांच्या खटपटीनंतर तुमच्या त्या उडत्या तुकड्याने ज्वारीचा जो चमत्कार केला, तो हुबेहूब आमच्या गावच्या बाया अर्ध्या तासात करतात तसा दिसतो.

पंचफुलाबाई ओट्यापाशी थबकली. सुपात बोट फिरवलं. मग तुमच्या बहिणीला म्हणाली, “काहून वो बाई, ह्या अक्षता कोनाच्या लगनाच्या वाळवून राहिल्या?”

तुमची बहीण म्हणाली, “अक्षता न्हाईत त्या. ज्वारी हाय.”

“अक्षता ज्वारीच्याच ऱ्हायतात ना वो माय!”

आता याला काय उत्तर आहे? तुम्ही पीएच.डी. आहात, तुम्ही सांगा.

आणि तेवढ्यात शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. कोपरापर्यंत पिवळी, पायाचे घोटे पिवळे, कपाळाला हळदीचं बोट लागलेलं. कुरुंद्यात या दिवसांत याचं कोणाला काही वाटत नाही. इथे पोस्टमन पिवळा, मास्तर पिवळे, माझी म्हैससुद्धा पाठीवर पिवळी आहे. पण कनेरगावच्या रानात हळद नाही. पंचफुलाबाईने मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भावाकडे वळून म्हणाली, “अक्षता वाळल्या, पोरीला हळद बी लागली. आपन लगनाला आलो का पोरगी पाहाले?” तुमची बहीण कळवळून म्हणाली, “आवो बाई, आमच्या गावात समद्यांलाच लागलेली असती.” तर ती म्हणते, “मंग समद्या गावाचंच लगन हाय का?”

प्रभूराव तसे समजूतदार. त्यांनी बैठकीत बसल्यावर हळूच शेजारच्या माणसाला विचारलं की मुलीचं दुसरीकडे कुठे ठरलं आहे का. शेजारी कोण बसला होता? भुजंग! जीप दिसताच तो कोणाच्या तरी ओट्यावरून उठून आमच्या बैठकीत येऊन बसला होता. त्याला कशातलं काही ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. त्याने डोळे मिटले, हसला आणि म्हणाला, “मोठ्या घरच्या गोष्टी हायेत पाव्हणे. आमाला कोण सांगतंय!” माझ्याच बैठकीत, माझाच भाऊ, माझेच पोहे खात! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण पाव्हण्यांपुढे तोंड उघडता येईना.

इथे आमच्या शिवकन्येने सूत्रं हातात घेतली. मुलीने मान खाली घालून नाव, गाव आणि शिक्षण सांगायचं, एवढाच या कार्यक्रमात मुलीचा वाटा. ती मात्र ओट्यावरचं सूप उचलून आत आली, पंचफुलाबाईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “आत्या, हा रंग लावलेला न्हाई. आतून आलेला हाय. वला करून घासला तरी निघत न्हाई, पाहा.” दाणा पाण्यात बुडवून तिने पंचफुलाबाईच्या पांढऱ्या स्वच्छ पदरावर घासला. रंग उमटला. पिवळा! दाण्याचा नव्हे हो, तिच्या बोटांचा! पण ते कोणाला सांगणार? पंचफुलाबाई पदराकडे बघतच राहिली.

एवढ्यावर थांबली असती तरी मी काहीतरी सावरून घेतलं असतं. पण भाची मामाच्या वळणावर गेली आहे. तिने तुमचं आगटीवरचं सगळं व्याख्यान पहिल्यापासून लावलं. एकाच कणसात, एकाच आईच्या पोटी, कोणी लाल, कोणी पांढरं, कोणी पट्ट्यापट्ट्याचं निघतं. आत तुकडे असतात, ते आपली जागा सोडून भलत्या घरात जाऊन बसतात. निम्म्याहून जास्त माल असाच. प्रभूरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पंचफुलाबाई म्हणाली, “झाडाझुडपात असंल, बाई.” आणि ही कार्टी म्हणते, “माणसांत बी असतात की, आत्या.”

“आमच्या घरात न्हाई!”

“तुमच्यात बी हायेत. समद्यांत असतात.”

सोमेश्वरराव, मुलगी बघायला आलेल्या घरच्या थोरल्या बाईला, तिच्या अंगात भलतेसलते तुकडे फिरतात असं आजवर कोणत्या मुलीने सांगितलं असेल? पंचफुलाबाई उठली. ती उठली म्हणून प्रभूराव उठले. चहा चुलीवर तसाच राहिला. मी दारापर्यंत हात जोडत गेलो, “अहो, शास्त्र आहे ते, माझे मेहुणे प्राध्यापक आहेत,” तर पंचफुलाबाई म्हणाली, “मंग त्यायलाच सोयरीक पाहाले सांगा.” त्या सगळ्या वेळात नवरा मुलगा एक शब्द बोलला नव्हता. जीपमध्ये बसता बसता तो एवढंच म्हणाला, “काका, ह्याचं बियानं भेटंल का?” आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान आत ओढून घेतली. पण त्याची एक मूठ खिशात होती आणि सुपाच्या कडेची ज्वारी जरा कमी दिसत होती. उरलेले पोहे भुजंगने संपवले.

प्रकरण इथे संपलं असेल असं तुम्हाला वाटेल. भुजंग असताना प्रकरणं संपत नसतात. त्या संध्याकाळपासून तो एकेका ओट्यावर बसून सांगत फिरला की उकंडरावच्या घरी अक्षता वाळल्या, हळद लागली, पण लग्न कोणाशी ते सांगून नाही राहिले. गावातले लोक वाटेत अडवून मला विचारायला लागले, “आमची पत्रिका कुठं हाय?” ही बातमी नरसीला माझ्या थोरल्या बहिणीच्या, सत्यशीलाच्या, कानावर गेली. ती आहेराचं लुगडं पिशवीत घालून थेट दारात, आणि उंबऱ्यातच गळा काढला की सख्ख्या आत्याला न विचारता लग्न काढलंस. मी म्हणालो, लग्न नाही. तर म्हणाली, “मंग अक्षता काहून?” सूप दाखवलं, सगळं समजावलं, माझ्या परीने तुमचं शास्त्र सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पैल्यापासून तू असाच हायेस. खरं कंदी सांगत न्हाईस.” ती अजून इथेच आहे. लग्न होईपर्यंत हलणार नाही म्हणते.

आता मला सांगा, यात माझी काय चूक? शिवकन्येची काय चूक? ज्वारीच्या बियाण्याला मी वडिलांच्या वेळेपासून बोट लावलेलं नाही. पट्ट्याचं कणीस निघालं की ते बैलाच्या पोटात जात होतं आणि गावात आमची अब्रू शाबूत होती. तुम्ही रुमाल बांधलात. तुम्ही पिशव्या घालायला लावल्यात. तुमच्या त्या तुकड्याने आधी एका दाण्याचा रंग बिघडवला, मग आमच्या घराचा. चांगलं स्थळ हातचं गेलं, मुलीचं नाव तोंडोतोंडी झालं, आणि तुम्ही तिकडे पंख्याखाली बसून पोरांना हेच शिकवत असाल की अशा उड्यांतून नवं काही निर्माण होतं. इथे काय निर्माण झालं ते येऊन बघा. बहिणीचं कपाळ बघा.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. तुम्ही कॉलेजच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह, प्रभूरावांना पत्र लिहा की सदर ज्वारी रंगवलेली नसून तिचे पट्टे जन्मजात आहेत, मुलीचं लग्न कुठेही ठरलेलं नाही, आणि पंचफुलाबाईंच्या अंगात काहीही फिरत नाही. शेवटचं वाक्य शास्त्रात बसत नसेल तरी लिहा. शास्त्राने आमचं एवढं वाटोळं केलं, त्याने एक वाक्य आमच्यासाठी खोटं बोलायला हरकत नाही.

लेकरांना आशीर्वाद. थोड्या लिहिण्यात जास्त समजायची गरज नाही, मी जास्तच लिहिलं आहे. लोभ आहे तो तुमच्या बहिणीचा, माझा तूर्त आटला आहे.

आपला चिडलेला दाजी,
उकंडराव

ता. क. वरचं सगळं पत्र तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. तिने तीनदा डोळे पुसले आणि “बराबर लिवलं” म्हणाली. इथून खाली जे लिहितो आहे ते तिला ठाऊक नाही. आज सकाळी एक गोष्ट झाली. आपल्या गावचा पुनमचंद ट्रक घेऊन वाशीमकडे गेला होता, तो कनेरगाव नाक्यावर प्रभूरावांच्या ढाब्यावर जेवला. शिवहारने त्याच्याबरोबर निरोप धाडला. त्याने खिशातली ती ज्वारी पेल्यात रात्रभर भिजत घातली होती. सकाळी पाणी स्वच्छ, पट्टे जसेच्या तसे. तो पेला त्याने आत्यापुढे नेऊन ठेवला. पंचफुलाबाईने पाणी पाहिलं, चव घेऊन पाहिली, आणि शेवटी म्हणाली, “पोरगी खरं बोलत व्हती.” पाडवा झाला की ते कुंकू लावायला यायला तयार आहेत. तेव्हा वर मागितलेलं पत्र आता लिहू नका.

ता. ता. क. लिहा. पण दुसरं लिहा. निरोप आल्यावर मला इतका आनंद झाला की मी ओरडतच मागच्या अंगणात गेलो. शिवकन्या ताटं मांडून बसली होती. सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही. पुढ्यातलं ताट निवडून झाल्यावर म्हणाली, “पोरगं वाईट न्हाई, आबा. त्यानं भिजवून पाह्यलं, ते मला आवडलं.” मी म्हणालो, मग हो कळवू? तर म्हणाली, “तीन साल थांबतंय का इचारा ना. मला हे शिकायचं हाय. मामा शिकवतो तिथं.” आणि पुन्हा दाणे निवडायला लागली. सोमेश्वरराव, तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. बांगड्यासुद्धा तिची आई आणायची म्हणून आणायची. मी उगाच म्हशीला पाणी दाखवायला गेलो. म्हैस पाणी पिऊन बसली होती.

तर आता कॉलेजच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह, प्रभूरावांना असं लिहा की या ज्वारीचं काम नाजूक असून ते अर्धवट सोडता येत नाही, त्यासाठी कु. शिवकन्या हिची तीन वर्षं कॉलेजात गरज आहे, मुलगा थांबायला तयार असेल तर त्यालाही बी पाठवू. बारावीचा निकाल लागला की मी तिला घेऊन औरंगाबादला येतो. तुमच्या घरी एक खाट जास्त पडेल. मुलीच्या लग्नात मामा तिच्या पाठीशी उभा राहतो, ही रीत आहे. पण त्याने मांडवातच उभं राहावं असं कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या बहिणीला हे कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पोर एकुलती एक आहे. ती घरातून गेली की हे घर कसं लागेल ते मलाच कळत नाही, तर तिच्या आईला काय सांगू?

ता. ता. ता. क. पाकीट बंद करायला खळ मागायला चुलीपाशी गेलो. तुमच्या बहिणीने वाटी पुढे केली. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, “खाली काय लिवलं ते म्या इचारत न्हाई. पर सोमूला एक लिवा. पोरीला रातच्याला भाकर लागती. भात खाऊन तिला झोप न्हाई येत.”